मेळाव्यातला नारळ

तुम्हाला सांगतो, त्या नारळाचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी तीर्थपुरीला मार्गदर्शन मेळावा होता. शेजारच्या सुमनवहिनी त्या दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत आल्या होत्या. त्यांची प्रज्ञा बारावी झालेली, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. जालन्याच्या वसतिगृहाच्या अर्जाला कोणते कागद लागतात, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

दीड तास नुसते सत्कार चालले. मी मोजले, अकरा झाले. वहिनींनी दोनदा हात वर केला, तर सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, प्रश्न शेवटी." आणि शेवटी म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत."

वहिनी उठल्या आणि थेट मंचावर चढल्या. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, पालकांच्या वतीने सत्कार घ्यायला आल्या. त्यांनी हसत नारळ पुढे केला.

"नारळ न्हाई पाह्यजे, साहेब. पोरीच्या फॉर्मला कागद कोणकोणते लागतेत, तेवढं सांगा!"

त्या अकरा जणांपैकी एकालाही सांगता येईना. अखेर खुर्च्या उचलणाऱ्या शिपायाने सगळी यादी तोंडपाठ सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली, म्हणून अर्ज मुदतीत गेला.

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वहिनी दोन्ही हातांनी नारळ मागे ढकलतायत आणि खाली छापलंय, 'शंकांचे निरसन झाल्याने भारावलेल्या पालक.'