पुलासाठी सत्याची खोटी साक्ष

मंडळी, ऐका! सत्याचा जय होतो — मान्य! पण खरं बोलणाऱ्याच्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली, तर त्यानं काय करायचं? हसू नका! कातळखेडीच्या मल्हारी गुरवावर अशीच वेळ आली होती.

गावच्या ओढ्यावर पूल नाही. होणारे व्याही आबाजी, त्यांनी बजावलेलं — "पूल होईस्तोवर वऱ्हाड येणार नाही!" मल्हारीच्या तोंडचं पाणी पळालं.

सरपंचांनी शक्कल लढवली. 'सत्यमेव जयते' हे देशाचं ब्रीदवाक्य आलंय मुंडक उपनिषदातून. मग ते ऋषी आपल्याच गावात बसून बोलले असं ठरवलं, की झालं तीर्थक्षेत्र! आणि तीर्थक्षेत्राला पूल हा हवाच! लगेच पाथरवटाकडून 'ऋषींच्या काळची' शिळा कोरून घेतली. वर सिंह, खाली ब्रीदवाक्य, आणि त्याच्याखाली — 'सौजन्य: सरपंच, कातळखेडी'!

पुलाचा अर्ज गेला, नि तालुक्याचे साहेब आले तपासाला. "ऋषींच्या काळी सरपंच होते?"

"होते की!" अख्खं गाव ओरडलं. "बिनविरोध!"

आता रीत अशी — देवळात बेलभंडार, म्हणजे बेलाचं पान नि हळद, उचलून बोललं की ते खरंच मानायचं. एकेकानं उचलला! कुणाच्या आजोबांनी ऋषी पाहिलेले, एका म्हातारीनं तर त्यांना ताक पाजलेलं! शेवटी पाळी मल्हारीची. समोर आबाजी, दाराशी लेक अनसूया. रोज देवाला बेल वाहणारा हात तो — बेलभंडाराकडे गेला, नि तसाच मागं आला हो!

"साहेब," तो रडवेला होऊन म्हणाला, "शिळा गेल्या महिन्यातली आहे. आम्हाला पूल हवाय, एवढंच खरं."

साहेब निघून गेले. पूल? कसला पूल! गाव मल्हारीच्या अंगावर धावून गेलं. तेवढ्यात आबाजी उठले. "मल्हारराव, राहू द्या तो पूल! देवासमोर खोटं न बोलणारं हे एकच घर दिसलं. सून इथलीच नेणार!"

आणि आलं की वऱ्हाड, ओढ्यातून! सनईतून आधी पाणी निघालं, मग सूर! नवरदेव कुणाच्या खांद्यावर? सरपंचांच्या!

अहो, अंगिरस ऋषींनी शौनकाला ते वाक्य सांगितलं, त्यात पुढं काय आहे? सत्यानंच देवांकडचा रस्ता पसरलाय! रस्ताच मागत होते ना हे लोक? पण पुढचं वाचतो कोण?

बरं, तुमच्यापैकी ज्यांनी हे उपनिषद पूर्ण वाचलंय, त्यांनी हात वर करा. — अरे वा! एवढे हात? मंडळी, देव बघतोय… घ्या, घ्या खाली!