ओलेटाताईचं पिस्तूल

ओक्लाहोमातल्या एका बंदुकांच्या दुकानात मासेमारीचे परवानेही मिळत. व्हर्लिन तोच काढायला आला होता. रांगेत त्याच्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, थोरली ओलेटा आणि धाकटी नडीन. काउंटरमागचा दुकानदार ओलेटाला एक पिस्तूल दाखवत होता. परवाना बाजूला राहिला, व्हर्लिनचे कान तिकडेच लागले.

“काकू, गोळी चढवायला हा वरचा भाग असा मागे ओढायचा.”

“हलत नाही रे मेला! नडीन, तू बघ.”

“हा बघ, ओढला. ताई, बोटांत जोर नाही तर हे घेतेस कशाला?”

“मग हे रिव्हॉल्व्हर बघा, काकू. काही ओढायचं नाही, नुसता चाप दाबायचा. याहून सोपं दुसरं नाही.”

“हेच घे, ताई! एकटी राहतेस. कोणी दार फोडलं तर?”

“नको. मला पहिलंच आवडलं.”

“अगं, पण ते ओढणार कोण?”

“तू.”

“मी तिकडे टल्सा शहरात, तू शेतावर! चोराला बसवून ठेवून मला फोन करणार?”

“त्यापेक्षा तूच ये की राहायला. तुझे भाऊजी गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे.”

“माझा कुत्रा घोरतो हं.”

“तुझे भाऊजीही घोरायचे.”

“आणि कॉफी मीच करणार. तुझी म्हणजे नुसतं गढूळ पाणी.”

“कर बाई, रोज कर!”

नडीन हसत हसत, डोळे पुसत गाडी आणायला गेली. दार लागल्याबरोबर ओलेटा काउंटरवर वाकली.

“आता ते सोपं बांधून दे, बाबा.”

“आणि हे पहिलं?”

“राहू दे. त्याचं काम झालं.”