सहाचा वारा

नाही नाही, बसा भावजी, रजिस्टर राहू दे टेबलावर — तुम्ही लाल पेन्सिलीने खुणा केल्यात ना, त्या बघितल्या मी. मे आणि जून. बरोबर? बाकीचे महिने ह्यांनी बनवलेली गच्चीवरची पवनचक्की वाऱ्याच्या जोरातले गुमान वीस-एकवीस टक्के देते, आणि मे-जूनमध्ये एकदम एकाहत्तर! शास्त्र काय म्हणतं — वाऱ्यातल्या शंभरातले एकोणसाठच्या वर कुणालाच काढता येत नाहीत. कळतं मला. कॉलेजात नाही गेले, पण ब्याण्णवच्या मार्चपासून हेच ऐकतेय. सगळाच जोर काढून घेतला तर वारा पात्यांच्या मागे उभाच राहील, मग पुढचा येणार कुठून? चारबाग स्टँडवरच्या बससारखं — चढलेले दारातच थांबले, तर बाकीच्यांनी कसं चढायचं? ह्यांना मात्र वाटतं, आपण ती हद्द ओलांडली. मानकनगरच्या ऑफिसात पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवरून रेघा ओढणारा माणूस — वाटणारच हो! राजीनामा टाइप करून ठेवलाय, माहितीये? देव्हाऱ्याखाली. तुम्ही 'आकडे बरोबर' म्हणालात, की उद्या देणार.

काय? आकडे कोण घेतं? मी. अजून कोण! एक दिवस चुकला नाही — आमच्या प्रणवला गोवर आला तेव्हासुद्धा. सकाळी सहाला वर जायचं, थंडीत टॉर्च घेऊन, त्या फिरत्या वाट्यांमधली लाल वाटी मिनिटात किती फेरे घेते ते मोजायचं — तो वारा. लगेच मीटर बघायचा — ती वीज. पण सहालाच नळाला पाणी येतं, भावजी! अर्ध्या तासात जातं. वाटी मोजेपर्यंत खाली बादली वाहायला लागायची. मग मीटर मी दहाला बघायची, कपडे वाळत घालताना. थंडीत काय फरक पडतो? सहाला तसाच, दहाला तसाच. पण मे-जूनमध्ये दहाला लू सुटते, सहाच्या दीडपट वेगाचा तापलेला वारा. मग वाटीपण दहालाच मोजायची, म्हणाल — मोजून दाखवा! डोळ्यांत नुसती आग, वाटी दिसतच नाही, एक लाल रेघ फिरते. म्हणून सहाचा वारा आणि दहाची वीज, एकाच ओळीत. रजिस्टर ह्यांनीच आखलेलं — तारीख, वारा, वीज. वेळेचा रकानाच नाही! आणि वारा दीडपट झाला की जोर तिपटीच्या वर जातो, हे मला — हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं.

असं बघू नका. कळलं होतं. माझ्या डायरीत सगळं आहे, वेळेसकट, कितीला पाणी गेलं तेसुद्धा. सांगणार होते. पण जूनचा आकडा निघाला त्या दिवशी हे मलिहाबादहून दसेरी आंब्यांची पेटी घेऊन आले, म्हणाले, "विनया, आपण दोघांनी केलं." दोघांनी! बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि ह्यांना विचारायला काय झालं होतं? तीन वर्षं, भावजी! एकदा तरी — किती वाजता बघतेस, ऊन लागतं का, जिना चढवतो का — काही नाही. "आकडा सांग." बस्स.

स्कूटर वाजली. हेच आले.

नाही, तुम्ही बोलायचं नाही. तुमच्याकडून ऐकलं तर म्हणतील, सायंटिस्ट लोक जळतात. मागच्या जिन्याने जा. माझी ती कपाटावरची निळी डायरी तेवढी काढून द्या — माझा हात पोचत नाही. हं.

ही ह्यांच्या समोर ठेवते. आज विचारतील, किती वाजता.

जा ना, भावजी —