ठरावीक नऊ हातोड्या

कारागीर – काका, पियानोचं झाकण जरा वर धरा. या उंदराची अक्कल बघण्यासारखी आहे.

काका – सापडला की काय?

कारागीर – सापडल्यात जमा. अठ्ठ्याऐंशी हातोड्या, प्रत्येकीच्या तोंडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी. त्यातल्या नऊच खाल्ल्यात.

काका – पोट भरलं असेल बिचाऱ्याचं.

कारागीर – आणि कड तर बघा! न्हाव्यानं कल्ले कापावेत तशी सरळ.

काका – हल्लीच्या उंदरांचे दात…

कारागीर – काकू रोज पहाटे वाजवतात ती चाल मी वाजवून पाहिली. एक सूर निघेल तर शपथ! नुसतं टकटक. बाकी पियानो ठणठणीत. म्हणजे उंदराला ती चाल तोंडपाठ आहे.

काका – हळू बोल रे बाबा, ती आत आहे! बेचाळीस वर्षं तीच चाल. ना सुट्टी, ना आजारपण.

कारागीर – मग सगळ्याच हातोड्या भादरायच्या. संशय तरी आला नसता.

काका – इतकं चांगलं वाद्य, हात धजेना. तिला सांगू नकोस. आजवर तिचं मन कधी मोडलं नाही मी.

कारागीर – निर्धास्त राहा. एका पियानोत मी सशाची पाच पिल्लं पाहिलीत, पाची वेगवेगळ्या सुरांत शिंकायची. ते कुणाला सांगितलं का?

काकू – (दारातून) काय बिघडलं होतं हो?

कारागीर – उंदीर, काकू! जातिवंत गवई. हलक्या सुराला तोंड लावत नाही.

काकू – बसवले नवे नमदे?

कारागीर – बसवले. सरस वाळला की उद्यापासून खुशाल वाजवा.

काकू – त्या उंदराला म्हणावं, शिवणाच्या डब्यात कात्री परत ठेवताना लोकर झटकत जा.

काका – अगं, ते…

काकू – तुम्ही थांबा, मी उंदराशी बोलतेय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हाच म्हणाला होता, ‘वा, काय गोड चाल!’ म्हणून वाजवत आले. मला मेलीला ती कधीच आवडली नाही.

कारागीर – मी… बाहेर जाऊन सरस ढवळतो.

काका – मग तुला कुठली आवडते?