गोठलेल्या कोकराचा भाव

देवाशप्पथ, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी नव्हतो तिथे, मेव्हण्याने सांगितलं. नव्वद सालाच्या आसपास तो इंग्लंडहून नुकताच आलेला. रविवारी घरी पाहुणे जेवायला, म्हणून डोंबिवलीत मटण आणायला गेला आणि भाव ऐकून खाटकाला म्हणाला, "मामा, तिकडे न्यूझीलंडहून गोठवून आणलेलं कोकरू ताज्यापेक्षा स्वस्त मिळतं. तुम्हीही जरा उतरवा की."

खाटकाचा सुरा थांबला. "कापलेलं कधीचं असतं ते?"

"असेल तीनचार महिन्यांचं."

"म्हणजे त्याचं तेरावंही उरकलं! आमचं अजून सुतकात आहे, साहेब. भाव कसा उतरेल?"

सगळी रांग हसली. मेव्हणा अंडी घेऊन घरी परतला.

खरं सांगू? मेव्हणा तेवढा रचलेला. इंग्लंडहून आलेला शहाणा मीच, आणि पाहुण्यांना अंडाकरी वाढली तीही मीच.