सुटाची घडी

नको नको ताई, तिथं डब्याची पिशवी नका अडकवू — सूट आहे त्याच्यात, त्या काळ्या कव्हरात. दाबला गेला की संपलं, सगळी इस्त्री वाया. इकडं द्या तुमची पिशवी, मी घेते मांडीवर. द्या हो, संकोच कशाचा. परभणीला चढल्यापासून तुम्ही त्या कव्हराकडंच बघायलात. वाटलं असेल, ही बाई लग्नाला चालली का काय. लग्न नाही. जहाजावर चाललोय आम्ही. हो, जहाजावर — मी आणि आमचे हे. मुंबईहून निघतंय, गोव्याला जातंय, तिथून पुढं लक्षद्वीप. हसू नका, नांदेडच्या माणसानं गोदावरीच्या पलीकडं पाणी बघितलेलं नसतंय म्हणून. आमच्या लेकीच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, मोठा — सगळं खटलं जहाजावर नेऊन करायलेत. मोठी माणसं आहेत. ठाण्याला असतात. आम्हालाही बोलावलं — मुलीकडचे म्हणून. एकच लेक आम्हाला, मालविका.

हे कुठं गेले म्हणता? दाराकडं गेलेत, फोन घेऊन. आत रेंज येत नाही म्हणाले. येतीलच. उंच आहेत, पांढऱ्या मिशा — रेणुकादास गुरुजी म्हणलं की तरोडा नाक्यावर कोणीही आमचं घर दाखवतंय. जन्मभर सफारीत गेले शाळेत. सूट एकदाच शिवला, मालूच्या लग्नात. भीमाशंकर टेलरनं शिवला, आणि आता त्यानंच कंबर सैल करून दिली. कारण काय, तर जहाजावर एका संध्याकाळी सगळ्यांनी तसंच जेवायला बसायचं — पुरुषांनी सूट, टाय, पॉलिशचे बूट, बायकांनी भारीतल्या साड्या. चप्पल घातली तर आत घेत नाहीत म्हणे. खरं-खोटं त्यांना माहीत. आमचे हे रोज आंघोळ झाली की आरशापुढं — मोबाईल भिंतीला टेकवून, त्यातलं बघून टायची गाठ शिकायले. गाठ जमली की मला हाक मारायचे, "बघा, बरी आली का?" मी म्हणायचे बरी आली. दुसरं काय म्हणणार होते मी.

सुटाची घडी घालणं हे वेगळंच शास्त्र असतंय, माहितीय का? मला तरी कुठं माहीत होतं. मालूनं शिकवलं, व्हिडिओ कॉलवर. कोट उलटा करायचा, एक खांदा दुसऱ्या खांद्याच्या आत सारायचा, मधी मऊ टॉवेल ठेवायचा, मग दुमडायचा — सुरकुती पडत नाही. मी घडी घालून बघितली, मग म्हणलं त्यापेक्षा लटकवूनच न्यावा. कारण मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात. आपण आत जायच्या आधी, बाहेरच — चिठ्ठी लावायची नि द्यायची, त्या संध्याकाळपर्यंत खोलीत येऊन पडतात. तोवर आपल्याकडं काय, तर हातातलं सामान. आणि जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीची भीती. म्हणून जे मोलाचं, जे चुरगळू द्यायचं नाही, ते आपल्या हातात. हे मी नीट लक्षात ठेवलं. जे मोलाचं ते हातात.

नाही, साड्या काही मालूनं नाही पाठवल्या. माझ्याच आहेत. पण विहीणबाईंनी बघून घेतल्या. बघून म्हणजे — कॉलवर हो! "एकेक कपडा धरा बघू कॅमेऱ्यापुढं" — मी धरला. "ही नको, ही फार गावाकडची वाटते." बरं, ही ठेवली बाजूला. "गुरुजींचे बूट दाखवा." बूट दाखवले. तळवा उलटा करून दाखवला. तुम्ही तोंड असं का करायलात? मला नाही वाईट वाटलं. माझ्याकडं बघा, साठीला आले — मला काय वाटायचंय. मालू मागं उभी होती त्यांच्या. खाली मान. पोरगी फार्मसी झालेली, नांदेडात औषधाच्या कंपनीत होती, बोलायला लागली की दारचा माणूस थांबून ऐकायचा — आणि तिथं अशी उभी, जशी कुणी सांगेपर्यंत हलायचंच नाही. नोकरी लग्नानंतर सोडली. सोडली म्हणजे... सोडायला लावली. माहेरी आली नाही दोन दिवाळ्यांत. फोन आला तर स्पीकरवर. शेजारी कुणीतरी असतंयच — सासू नाहीतर अंबरीशराव. जावई आमचे. आधार कार्ड, सर्टिफिकेटं, बँकेचं पुस्तक, सगळं सासूबाईंच्या कपाटात, "सांभाळून ठेवलंय" म्हणून. मारतात का म्हणता? मला नाही माहीत ताई. खरंच नाही माहीत. विचारू कुठं? स्पीकरवर विचारू?

तर तो कॉल — घडीचा. सासूबाई शेजारी खुर्चीत, मालू पलंगावर कोट पसरून मला दाखवायली. "आई, ही बाही आत घे... असा खांदा... आता टॉवेल..." आणि त्याच आवाजात, जराही वर-खाली नाही, मान तशीच कोटावर — "अव्वा, नन्न करकोंड होगव्वा... मग कॉलर वर करायची." तुम्हाला नाही कळलं ना? नाहीच कळणार. कन्नड आहे. माझं माहेर उदगीरचं, घरात आम्ही कन्नडच बोलायचो. मालू लहानपणी सुट्टीत तिथंच असायची, माझ्या आईजवळ. गल्लीत पोरांनी घेरलं, कुत्रं मागं लागलं, की दोन्ही हात वर करून आजीला ओरडायची — अव्वा, नन्न करकोंड होगु. मला घेऊन जा. अव्वा, मला इथून घेऊन जा. माझी आई जाऊन आता किती वर्षं झाली. मला मालू कधी अव्वा म्हणत नाही. आणि कोटाची घडी घालता घालता ती मला...

थांबा जरा. पाणी पिते.

सासूबाई लगेच, "काय म्हणाली ती?" मी म्हणलं, "घडी चुकू देऊ नको म्हणतेय, आमच्या आजोळची बोली आहे, सवय जात नाही." आणि हसले. कशी हसले देव जाणे. मग मीही तसंच, "हो हो, बाही आत, कळलं — बर्तीनि, बर्तीनि — टॉवेल कुठला घेऊ, पांढरा?" येते, म्हणलं मी तिला. येते. तिनं वर बघितलं नाही. कोट उचलला, त्यावरून हात फिरवला, बास.

हे तिथंच बसले होते, माझ्या बाजूला, बुटाला पॉलिश करत. त्यांना काही कळलं नाही. त्यांना कन्नड कुठं येतंय. आणि मी सांगितलंही नाही. का म्हणजे? सांगते का. मागच्या दिवाळीत मी यांना म्हणले, पोरगी सुखात नाही हो, माझं मन सांगतंय. हे सरळ मनाचे, सगळ्या दुनियेला वर्गातली पोरं समजतात — बसवून समजावलं की सुधारतात. लावला जावयाला फोन. लई नरमाईनं बोलले, "अंबरीशराव, काही असेल तर आपण बसून बोलू." झालं. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत मालूचा आवाज नाही आम्हाला. फोन बिघडलाय, ती झोपलीय, बाहेर गेलीय. मी त्या वेळी यांना बोलू नये ते बोलले. तेव्हापासून हे माणूस घरात असून नसल्यासारखं. म्हणून ठरवलं, या वेळी यांना नाही सांगायचं. बंदरावर पोचेपर्यंत बिलकुल नाही.

काय ठरवलं? ...तुम्ही कुठं उतरणार? नाशिकला ना. नक्की नाशिकला? ठाण्यात कोणी नाही ना तुमचं?

जहाजावर चढताना ज्याचं त्याचं आधार कार्ड ज्याच्या त्याच्या हातात द्यावं लागतंय. दुसऱ्यानं दाखवून चालत नाही. म्हणजे उद्या सकाळी, कपाटातून निघालेलं, माझ्या लेकीच्या हातात तिचं कार्ड असणार. जहाजावर एकदा पाय ठेवला की संपलं, मग चहूकडं पाणी. त्याच्या आधी. बॅगा देण्याच्या गर्दीत. माझ्या भावाचा मुलगा, आनंदराज, पनवेलला असतो — तो गाडी घेऊन गेटाबाहेर थांबणार. मी तिचा हात धरणार नि चालायला लागणार. ओरडू दे कुणाला ओरडायचं ते, चारचौघांत मोठ्या माणसांना ओरडताही येत नाही. त्या सुटाच्या कव्हरात, कोटाच्या मागं, मालूचा ड्रेस आहे. साधा, सुती. अंगावरच्या कपड्यानिशी येईल पोरगी — ते भारी कपडे, त्यांचे दागिने, ते नकोत आपल्याला, पनवेलला पोचलो की काढून पाठवून देऊ.

आणि ती मोठी बॅग, सीटखालची? ढकलून बघा पायानं. बघा ना. हलकी आहे, हो ना? चादरी आहेत त्यात. जुन्या, विरलेल्या. वर एक साडी, कोणी उघडली तर दिसायला. ती बॅग खुशाल जाऊ दे लक्षद्वीपला.

नाही — ठेवा तो फोन. कुणाला लावायलात? हेल्पलाइन? नको. माया आहे तुमची, पण नको. आधी पोरगी माझ्या हाताला लागू दे, मग पोलीस, कोर्ट, काय करायचं ते करू. आत्ता कुणी त्यांची बेल वाजवली तर ते उद्या तिला घरीच ठेवून येतील. ठेवा. पर्समध्ये ठेवा.

घाबरले का मी? रात्रंदिवस तेच डोक्यात. तिनं ऐन वेळी हात सोडवून घेतला तर? "आई, तमाशा नको" म्हणाली तर? आणि हे — हे तर सुटाबुटात उभे राहणार, व्याह्यांना नमस्कार करणार, आणि मी त्यांच्या पुढ्यातून... बोलले असते सकाळीच, नांदेड स्टेशनवर. ओठावर आलं होतं. पण तिथं हमालानं ती बॅग उचलली, हे त्याला म्हणाले, "सांभाळून घ्या, जड आहे." मी पुढं चालत होते, म्हणून नुसतं ऐकलं, आणि...

जड आहे.

जड कशी? घरातून रिक्षापर्यंत त्यांनीच आणली ना ती. जिन्यावरून. एका हातात. त्यांना कळायला पाहिजे होतं की —

आले. ताई, ते आले, आता गप्प. कपड्यांचं बोलत होतो आपण.

बसा हो. इतका वेळ कुणाशी बोलत होतात? ...कुणाशी? आमच्या आनंदराजशी? त्याच्याशी तुमचं काय काम — हळू बोला, हळू — गाडी गेटासमोर नको, रस्त्याच्या पलीकडं, तोंड पनवेलकडं करून... हे तुम्ही सांगितलं त्याला? ...त्यानं नाही सांगितलं तुम्हाला? मग कुणी? ...तुम्ही ऐकलंत? मालूचं ते बोलणं, त्याच दिवशी? आणि मी आनंदराजला फोन केला तोही? पण तुम्हाला कन्नड कुठं... हो, उदगीरची सासुरवाडी आहे, इतकी वर्षं जेवताय तिथं, पण कधी एक शब्द बोलला नाहीत ना! ...मग मला का नाही म्हणालात? पंधरवडाभर टायच्या गाठी बांधत बसलात माझ्यासमोर, मी इकडं एकटी जळायली — का नाही म्हणालात?

...काय म्हणालात?

मी म्हणले होते? "तुम्ही बोललात की बिघडतं" — असं म्हणले होते मी? दिवाळीच्या त्या फोननंतर?

...अहो. अहो, असं नका करू. इकडं बघा. रुमाल घ्या.

ताई, तुम्ही जरा दाराकडं जाऊन उभ्या राहता का? जा ना. वाईट नका वाटून घेऊ. या माणसाला मी आजवर चारचौघांत रडताना बघितलं नाही. जा. आणि मागं वळून बघू नका.