थेट नाही ना आलात?

हा माझा रोजचा प्रश्न. आता तुम्हीच सांगा, आईच्या शेवटच्या आजारात घरी येणाऱ्या नर्सने वाटेत थांबून लोमी खाऊनच यावं, एवढी एक अट मी घातली तर माझं काय चुकलं? एक वाडगा लोमी हो, जाड शेवया, दाट रस्सा, वर कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस, मी काय तिला उपाशी राहा म्हणत होतो? पण आमचं अख्खं लिपा गाव मला हसलं. माझी सख्खी बहीण लिगाया, ती तिकडे मिलानमध्ये म्हाताऱ्या इटालियन बायकांना आंघोळी घालते, ती फोनवर आधी हसली, मग रडली, मग ओरडली, हा तिचा नेहमीचा क्रम, आणि मोठ्या भावाला म्हणाली, "कुया, तू नर्स बघतोयस की हॉटेल?"

आता मला सांगा, आपल्याकडे मयताला गेलेला माणूस थेट घरी येतो का? नाही येत. वाटेत कुठेतरी टेकायचं, कॉफी प्यायची, दोन घास खायचे, आणि त्या घरून जे काही मागे लागलं असेल ते तिथेच झटकायचं, की मग ते बसतं त्या हॉटेलात चुकल्यासारखं आणि आपण निघतो घरी. हे शेंबड्या पोराला कळतं. मग जी बाई रोज उठून मरणाऱ्यांच्याच घरी जाते, एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि ते तिसरं घर आमचं, ती मधे कुठे थांबते का हे मी विचारायचं नाही? मी भित्रा आहे, कबूल! शवपेट्यांचं दुकान आलं की मी रस्ता ओलांडतो, पलीकडे कुत्रं असलं तरी ओलांडतो. पण भित्र्या माणसालाही आई असते ना?

माझी आई, आमची नानाय, पुरिंग. अख्ख्या बाजारात भाव करताना जिच्यापुढे कोणी टिकलं नाही ती बाई. पोटात गाठ. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "सेल्मो, आता बरं करायचं असं काही उरलं नाही. दुखू नये एवढं बघायचं. घरीच ठेवा. हॉस्पिसची माणसं घरी येऊन बघतात, आपल्या गावात आहेत त्यातली चांगली कुठली ते तुम्ही पारखून घ्या." मी पारखून घ्यायचं! मी कोंबड्या-डुकरांचं खाद्य विकतो हो. पोत्यात हात घातला की भुसा किती आणि मका किती ते सांगतो. मरणाची सेवा कुठल्या पोत्यात हात घालून बघू?

लिगायाने फोनवर पढवलं. दुखायला लागलं तर किती वेळात येतात विचार, रविवारी येतात का विचार, मॉर्फिन घरात ठेवून जातात का विचार, रोज तीच नर्स येते की रोज नवं तोंड ते विचार. मी हो हो म्हणत पाठ केलं, आणि पहिल्या संस्थेच्या दारात पाऊल टाकलं, समोर प्लास्टिकची पांढरी लिली, आणि सगळं साफ! डोक्यात उरला तो एकच प्रश्न. तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, "विचारा ना, काय शंका आहे?" म्हटलं, "तुमची नर्स एका घरातून निघाली की पुढच्या घरी थेट जाते का हो?" बाईंचा चेहरा असा खुलला, तुम्हाला सांगतो... "अगदी थेट! मधे कुठे थांबायचं नाही अशी आमची सक्त ताकीद आहे. एका पेशंटचं सगळं आटोपलं की ती पुढच्या दारात हजर." मी तिथून निघालो तो सरळ बेकरीत, आणि पाव नरड्याखाली उतरेपर्यंत घराकडे तोंड केलं नाही.

दुसरी संस्था नन्सची. तिथल्या मोठ्या सिस्टर माझा प्रश्न ऐकून म्हणाल्या, "बाळ, देवाच्या लेकरांनी असल्या गोष्टी मानू नयेत," आणि असं म्हणत म्हणत आतल्या खाटा दाखवायला माझा दंड धरून निघाल्या. म्हटलं, सिस्टर, खाटा छानच असणार, मी मनात बघतो. पुन्हा बेकरी. लिगाया व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "कुया, तू संस्था बघायला जातोस आणि तुझं पोट का सुटतंय?"

तिसरी संस्था औषधाच्या दुकानाच्या वर, एवढीशी. लिली नाही, हसू नाही. एक जाडजूड बाई बॅगेत औषधं भरत बसली होती, नर्स बेनिल्डा. मी दारातूनच विचारलं, आत जायचा धीर कोणाला? "एका घरातून दुसऱ्या घरी जाताना... थेट नाही ना जात तुम्ही?" तिने मानही वर केली नाही. "मांग कादोंगकाकांच्या दुकानात थांबते. लोमी खाते. मिरची जास्त." संपलं! निवड झाली.

"दर्जा कसा आहे?" लिगायाने विचारलं.

"लोमी खाते."

"कुया, मॉर्फिनचं विचारलंस का?"

"मिरची जास्त घालते म्हणाली."

मग ओरडणं. पण ऐका, बेनिल्डा पहिल्याच दिवशी आली, तिने नानायला काय औषध दिलं, कशी कुशीवर वळवली, पायात उशी कशी सरकवली, आणि त्या दुपारी माझी आई कण्हल्याशिवाय झोपली. किती दिवसांनी! मी दुकानात जाऊन मक्याच्या पोत्यांमागे बसून रडून घेतलं, गिऱ्हाइकाला सांगितलं भुसा डोळ्यात गेला. तेव्हा माझी निवड चुकली असं कोणी म्हणू नये.

तर रोज मी फाटकात उभा. तिची स्कूटर आली की आधी प्रश्न. "थेट नाही ना आलात?" "नाही कुया. आज अंडंपण घेतलं वरून." मग फाटक उघडायचं. जातानाही मी तिला फाटकापर्यंत पोचवायचो, गेली ना, एकटीच गेली ना, मागे काही उतरलं नाही ना, हे बघायला. आतून नानायचा आवाज, "सेल्मो, तिला आत सोड रे बाबा, तिला तिथेच उभी ठेवलीस तर मी वाट बघता बघताच जाईन." ही बाई असलं बोलायची आणि हसायची. मला हसणाऱ्यांत आता आईही होती.

पण एक दिवस बेनिल्डा लवकर आली. "थेट नाही ना आलात?" "नाही कुया." आता मांग कादोंग, तुम्हाला माहीत आहे, त्या माणसाला शेवया टाकायला सांगितलं तर तो आधी आपल्या जावयाची कहाणी सांगतो. मग एवढ्या लवकर लोमी झाली कशी? झाली, शंका शिरली. रात्रभर... जाऊ दे. सकाळी मी मोटरसायकल काढली आणि तिच्या मागावर गेलो.

ती गेली चर्चच्या पलीकडे, एका घरी. मी लांब उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बघतो तर त्या घरापुढे मांडव घालतायत, प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवतायत, पांढरे दिवे लावतायत. तेवढ्यात कोणी म्हातारा आला, मला वाटलं हाकलणार, तर तो म्हणतो, "या या, लांबून आलात वाटतं," आणि मला आत नेऊन खुर्चीत बसवलं, हातात बिस्किट दिलं. नाही कसं म्हणणार? मी बिस्किट खाल्लं. दुःखाचं तोंड केलं, ते मला करावं लागलंच नाही, ते होतंच. "माणूस भला होता," मी म्हटलं. म्हातारा म्हणाला, "बाई होती." 

बेनिल्डा तिथून निघाली, मी मागे. ती खरंच मांग कादोंगकडे थांबली. मी समोर उभ्या प्रवासी जीपनीच्या आडून बघत होतो. वाडगा आला. तिने हात लावला नाही. चमचा धरून नुसती बसली, समोर वाफ जात होती, मांग कादोंगसुद्धा जावयाबद्दल गप्प होता. मग तिने डोळे पुसले, लिंबू पिळलं, मिरची घातली, आणि तळापर्यंत सगळी लोमी खाल्ली. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. एवढंच वाटलं की ही बाई खोटं बोलत नाही, आणि हिच्या हातात आई सोपवायला हरकत नाही.

मग मी बोळातून मोटरसायकल अशी पळवली, तिच्या आधी घरी, धापा टाकत फाटकात उभा. स्कूटर आली. "थेट नाही ना आलात?"

तिने माझ्याकडे बघितलं. "मी नाही, कुया. तुम्ही आलात."

...काय सांगू तुम्हाला. "तुम्ही मांडवात बसलात, बिस्किट खाल्लंत, जीपनीमागे उभे राहिलात ते लाल शर्टात, आणि तिथून थेट इथे." आणि माझा हात फाटकावर, एक पाय आत! तो पाय बाहेर काढू की दुसरा आत घेऊ? मी तशीच मोटरसायकल वळवली, मांग कादोंगकडे उभ्या उभ्या वाडगा संपवला, जीभ भाजली, टाळू भाजला, परत आलो. पण एक पाय तर आधीच आत पडला होता ना? तो कसा झटकायचा?

मी नानायच्या खाटेशी जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मांडव, बिस्किट, पाय. म्हटलं, "नानाय, मीच आणलं गं." ती ऐकत होती. वेताच्या काडीएवढी राहिली होती, पण नजर तीच, बाजारातली. म्हणाली, "सेल्मो, ते कोणाच्या मागे बसून यायची काय गरज? ते केव्हाचं आलंय. खाटेशेजारी त्या खुर्चीत बसून असतं."

मी खुर्चीकडे बघायला गेलो. मीच त्या खुर्चीत बसलो होतो.

उठलो कसा विचारू नका! नानायला हसू आवरेना, हसताना दुखलं तिला, तरी हसली. मग म्हणाली, "बस. तू बसलास की त्याला उभं राहावं लागतं. दुखू देत त्याचे पाय जरा."

आणि तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस, मी त्या खुर्चीतून हललो नाही मग. दुकानाला कुलूप. जेवण तिथेच, डुलकी तिथेच. कमरेचा भुगा झाला पण म्हटलं उभं राहू दे त्याला. बेनिल्डा यायची, मी खुर्चीतूनच विचारायचो, "थेट नाही ना आलात?" फाटकाशी जायचो ते फक्त तिला पोचवायला, धावत जायचो, धावत यायचो, खुर्ची रिकामी राहता कामा नये.

मग एका दुपारी नानायने कॉफीचा वास मागितला. प्यायची नव्हती, वास हवा होता. मी काळी कडक कॉफी उकळून कप तिच्या नाकाशी धरला. "जाळलीस," म्हणाली, आणि डोळे मिटले. मी कप धरून बसलो. दुखत नव्हतं तिला, हे मी शपथेवर सांगतो, कपाळावर एक आठी नव्हती. बेनिल्डा दुसऱ्या बाजूला होती. तिने मनगट धरलं, खूप वेळ धरलं, मग हळूच पांघरुणावर ठेवलं आणि डॉक्टरांना फोन करायला म्हणून बाहेर निघाली. मी सवयीने उठलो, फाटकापर्यंत पोचवायला.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा कुया. आज पोचवायला यायचं नाही."

आता तुम्हाला माहीतच आहे, मयताच्या घरची माणसं आलेल्याला दारापर्यंत पोचवत नाहीत. मी बसलो. कप हातातच होता, गरम होता अजून.

लिगाया आली, मांडव पडला, माणसं आली, बिस्किटं वाटली, एकाही पाहुण्याला मी पोचवलं नाही. मधेच त्या संस्थेतून फोन. "आमच्या सेवेचा दर्जा कसा वाटला?" म्हटलं, "तुमची बाई वाटेत थांबते." ते घाबरले. "तक्रार आहे का?" म्हटलं, "नाही हो. थांबू द्या तिला. मिरची जास्त द्यायला सांगा."

आणि पुरून झाल्यावर सगळी वरात कुठे? मांग कादोंगकडे. लिगाया, शेजारी, पाद्री, सगळे रांगेने लोमी मागवून बसले, झटकायला. बेनिल्डाही होती कोपऱ्यात. लिगायाने मला हाक मारली, "कुया, ये, तुझा वाडगा सांगितलाय." मी दारापर्यंत गेलो. आणि मला काय वाटलं कोण जाणे, आयुष्यात जे केलं नाही ते केलं. वळलो आणि थेट घरी आलो. कुठे टेकलो नाही, कशाला शिवलो नाही, मोटरसायकलसुद्धा हळू चालवली, मागे कोणी बसलं असेल तर पडायला नको. फाटक उघडं टाकलं. दार उघडं टाकलं. खुर्ची रिकामी सोडून मी जमिनीवर बसलो आणि अंधार पडेपर्यंत वाट बघितली.

नानाय नाही आली. आणि वर लोमीही बुडाली.